दरीतले अकरा खांब

४ नोव्हेंबर

अपा,

एव्हेलियो दुधाचे रिकामे कॅन घेऊन वर येतो, त्याच्याच जीपमधून हे पत्र पाठवतेय. तो म्हणाला, "म्हातारा दहा मिनिटं फाटकाशी उभा राहतो. तेवढ्यात उत्तर दिलं तर आणीन, नाही दिलं तर कुत्रं अंगावर यायच्या आत निघेन." तेव्हा दहा मिनिटांत उरकेल असंच विचारते.

मूला रुळावरून दरीत उतरते, वेळूच्या बनात दिसेनाशी होते आणि पलीकडे कारंज्यापाशी वर निघते. त्या मधल्या तुकड्याखाली खांब किती होते? आणि कुठे कुठे?

बस, एवढंच.

तुम्ही विचारणार नाही, पण कशासाठी ते सांगते. गेली सहा वर्षं मी आपलं मिरादोर उद्यान कॉम्प्युटरवर बांधतेय. असा एक खेळ आहे. त्यात माणूस स्वतःचं उद्यान उभं करतो: पाळणे, रस्ते, झाडं, तिकिटाची खिडकी, आणि मग त्यात माणसं फिरायला येतात. बहुतेक पोरं ज्वालामुखी आणि राक्षस बांधतात. आमची जमात वेगळी. आम्ही खरं बांधतो. कचऱ्याची गाडी मागच्या कुठल्या रस्त्याने येते, रांगेच्या कठड्याचा रंग कुठे उडालाय, संडासाच्या भिंतीवर गंजाचा ओघळ किती लांब आहे, याच्यावर आम्ही एकमेकांशी भांडतो. माझ्या पहिल्या कम्युनियनचा फोटो आठवतो? अमा तिकिटाच्या खिडकीला टेकून उभी आहे. अमा एक मीटर बावन्न होती. त्यावरून खिडकी मोजली, खिडकीवरून छत, छतावरून मूलाचा पहिला चढ. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते आणि संध्याकाळी घरी येऊन हे.

आजही इथे कुणी तिला रोलर कोस्टर म्हणत नाही. मूलाच म्हणतात. चढावर खेचरासारखी अडते म्हणून तुम्ही मेकॅनिक लोकांनी ठेवलेलं नाव टिकलं.

तर प्रश्न खेळासाठीच आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

जमलं तर लवकर सांगा.

नोरालबा


११ नोव्हेंबर

अपा,

एव्हेलियोने तुमचा निरोप पोचवला. "मला मुलगी नाही, एकोणीस कोंबड्या आहेत." ठीक. अमाच्या दफनाला तुम्ही खड्ड्याच्या पलीकडे उभे होतात, तेव्हापासून मला वेगळी अपेक्षा नव्हती. पण एव्हेलियो म्हणतो, पत्र तुम्ही खिशात घातलंत. म्हणून पुन्हा लिहितेय.

मागच्या वेळी मी म्हणाले की काळजी करण्यासारखं काही नाही. ते खोटं होतं.

मिरादोर पुन्हा उघडतंय. सात डिसेंबरला, मेणबत्त्यांच्या दिवशी. राजधानीतल्या एका कंपनीने घेतलंय. तीन वर्षांपूर्वी दरड कोसळली तेव्हा दरीतला रूळ, खांब, खांबांचे पाये, सगळं नदीत गेलं. ते आता नव्याने बांधून झालंय. जुने नकाशे कुणाकडेच नव्हते. जुना मालक पळाला तेव्हा कपाटंसुद्धा घेऊन गेला. मग त्यांच्या इंजिनिअरला इंटरनेटवर माझं उद्यान सापडलं.

बाहामोन त्याचं नाव. ऑगस्टमध्ये चिखलाच्या बुटांनी थेट आमच्या दातांच्या प्रयोगशाळेत आला. त्याने रस्त्याच्या बाजूचे शिल्लक बावीस खांब फीत लावून मोजले होते आणि माझ्या खेळातल्या बावीस खांबांशी ताडून पाहिले होते. चार बोटांपेक्षा जास्त फरक एकातही नव्हता. "डोन्या नोरालबा," तो म्हणाला, "तुम्हाला देवानेच पाठवलं." मी इतकी फुलले की फाइल तिथेच देऊन टाकली. वर त्याला कॉफी पाजली. एका फटक्यात त्याने दरीचा तुकडा माझ्या फाइलवरून बांधला. सप्टेंबरात, जमीन टणक असताना, वाळूची पोती बसवून चाळीस फेऱ्या मारल्या. सगळं ठीक झालं म्हणतात.

त्यानंतर पाऊस लागलाय, तो थांबलेला नाही.

मी घाबरले आहे, अपा. परवा एका बाईच्या कवळीत दोन्ही बाजूंना डावाच सुळा बसवला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती बिचारी आरशात बघून म्हणाली, "मी आता मांजर दिसते." सगळे हसले. मी मात्र कवळी परत घेऊन पहिल्यापासून घडवायला बसले.

दरीत किती खांब होते ते सांगा. माझ्यासाठी नको. मूलासाठी सांगा.

नोरालबा


१६ नोव्हेंबर

अपा,

एव्हेलियो काल प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "तुझ्या बापाचा निरोप: 'दरीत सोळा होते. फणीच्या दातांसारखे दाटीने. तिथली माती पावसात चालायला लागते म्हणून. आता तिला म्हण, मला जगू दे.' शब्दाला शब्द आहे बाई, वाटेत एकही सांडला नाही."

सोळा. मी अकरा घातले होते.

नेमके अकराच का, ते ऐका. दरीतला एकही फोटो जगात नाही. मी शंभर घरं हिंडले, लग्नाचे अल्बम चाळले, चिलीतल्या आणि पोलंडमधल्या लोकांकडून जुने व्हिडिओ मागवले. दरीत शिरताना सगळे डोळे मिटून किंचाळत असत, कॅमेरा कुणी धरला नाही. म्हणून ती दरी मी मनाने बांधली. अकरा खांबांत पायवाटेवरून बघणाऱ्याला वेळूमधून रूळ छान दिसतो. बारावा ठेवून पाहिला, गर्दी वाटली, काढला.

आणि खेळातला खांब काहीच तोलत नाही, अपा. तुम्हाला हे ऐकून धक्का बसेल. रूळ आपोआप हवेत राहतो. कॉम्प्युटर स्वतःहून जे खांब लावतो ते बेगडी दिसतात, म्हणून आम्ही ते काढून टाकतो आणि आपले एकेक करून उभे करतो. तेही फक्त बघणाऱ्यासाठी. खरं खरं म्हणून मिरवणाऱ्या आमच्या जमातीची गोष्ट ही इतकीच.

काल दुपारीच मी बाहामोनकडे गेले. उद्यानात एका पत्र्याच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे. त्याच्याच कॉम्प्युटरवर माझं उद्यान उघडलं आणि त्याच्यासमोर मूलाचे सगळे खांब पुसले. दरीतले, रस्त्याकडचे, चढावरचे, एकूण एक. मग गाडी सोडली. ती निघाली, चढली, उतरली, अधांतरी रुळावरून दरीत गेली आणि पलीकडे वर आली. माणसं हात वर करून ओरडत होती. खाली आकडे येतात, उत्साह किती, भीती किती, मळमळ किती. ते जराही हलले नाहीत.

"बघितलंत?" मी म्हणाले. "इथे खांब असले काय, नसले काय. माझ्या दरीवर विसंबू नका."

तो खो खो हसला. "म्हणजे खांब नसले तरी पळते! तुमची मूला भलतीच दणकट आहे, डोन्या."

मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. त्याने खिडकीतून पाऊस पाहिला. माणूस वाईट नाही तो. मी त्याला तुमचा सोळाचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "दूधवाल्याच्या तोंडचा निरोप एकीकडे आणि वही एकीकडे. मी कुणाचं ऐकू?"

वहीचं तुम्हाला पुढच्या पत्रात लिहिते. आज हिंमत नाही.

नोरालबा


१९ नोव्हेंबर

अपा,

वहीचं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी उद्यान इंटरनेटवर टाकलं तेव्हा चिलीतल्या एकाने खाली लिहिलं, "सगळं अप्रतिम, पण दरी मनाने बांधलेली वाटते. आधार काय?" मला असा राग आला की कान तापले. खरं होतं म्हणूनच आला. मी लिहून टाकलं, "माझे वडील डॉन क्रिसान्तो एकतीस वर्षं या राइडचे मुख्य मेकॅनिक होते. दरी त्यांच्या वहीवरून बांधली आहे."

चिलीवाल्याने माफी मागितली. कुणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली. मी ते वाक्य कधीच काढलं नाही. वाचायला गोड वाटायचं.

तुमच्या शर्टाच्या खिशात वही असायची, तेवढं मला ठाऊक आहे. ती मी कधी उघडून पाहिली नाही. उद्यान बंद झालं त्या आठवड्यात तुम्ही अंगणात गणवेश जाळला, त्यात ती टाकताना मात्र पाहिली. आता बाहामोनच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात छापलंय: "आधार: डॉन क्रिसान्तो यांची वही." तपासणीच्या साहेबाने तेवढं वाचून सही केली. बावीस खांब जुळतात, वर मेकॅनिकची वही, मग आणखी काय हवं?

मी बाहामोनला सांगितलं की वहीची थाप होती. तो खुर्चीत मागे रेलला. "तुम्ही तेव्हा खरं बोलत होता की आता, हे मी कसं ओळखू? गावात म्हणतात, तुम्हाला उद्यानं बंद पाडायची सवयच आहे."

म्हणजे त्यालाही कुणीतरी सांगितलंय. नऊ वर्षांपूर्वी जेवताना तुम्ही अमाला सांगितलंत की चढावरचा जोड तडकलाय आणि मालक पैसे काढत नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या भेगेचे फोटो काढले आणि वर्तमानपत्राला दिले. उद्यान बंद झालं, तुमच्यासह एकतीस माणसं घरी बसली. तुम्ही एकच वाक्य बोललात, "मला विचारलं नाहीस." त्यानंतर काही बोललाच नाहीत. मी बरोबर होते असं मला आजही वाटतं. पण विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

आता विचारतेय. खाली या. बाहामोन म्हणाला, "डॉन क्रिसान्तोंना स्वतः दरीत उभं राहून सांगू दे. ते सोळा म्हणाले तर माझ्याकडे लोखंड पडलंय, चार दिवसांत पाच खांब आणखी घालतो." तुमचा शब्द त्याला चालेल. माझा चालत नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर मी तेवढे दिवस दुसरीकडे राहीन. आणि एक लपवलेलं अजून राहिलंय, तेही सांगते. पहिल्या गाडीत जुन्या कामगारांची नातवंडं बसणार आहेत, एकूण तेवीस. पहिल्या डब्यात पुढे तुम्हाला बसवायचं ठरलंय. निमंत्रणं छापून झाली. तुमचं नाव मोठ्या अक्षरांत आहे.

या, अपा.

नोरालबा


२८ नोव्हेंबर

अपा,

तुम्ही येऊन तीन दिवस राहून काल परत गेलात आणि मी पुन्हा पत्र लिहायला बसलेय. समोर होतात तेव्हा बोलता आलं नाही. तुम्ही माझ्याशी इतकं चांगलं वागलात की बोलता आलं नाही.

तुम्ही जीपमधून उतरलात, काखेत पाय बांधलेली कोंबडी. ती माझ्या हातात दिलीत आणि विचारलंत, "जेवलीस का?" नऊ वर्षांनी. मी नाही म्हणाले, खरं तर पोटभर जेवले होते. मग आपण राजमा आणि मक्याचा आरेपा खाल्ला, तुम्ही दोनदा मागून घेतलात, आणि हात पुसता पुसता तुम्ही कॉम्प्युटरकडे हनुवटी उडवून म्हणालात, "दाखव तुझं ते."

तिथे मी चुकले. मी म्हणायला हवं होतं, आधी दरी, मग हे. आमच्या जमातीतलं कुणीच असं म्हणू शकलं नसतं, अपा. सहा वर्षं मी ते कुणासाठी बांधत होते असं तुम्हाला वाटतं?

मी दाखवलं. तिकिटाची खिडकी पाहून तुम्ही अमाचं नाव घेतलंत. तुमच्या वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा म्हणालात, "ग्रीसचा डबा उजवीकडे असायचा." मी तो उजवीकडे सरकवला आणि तुम्ही लहान मुलासारखे हसलात. मग म्हणालात, "मला बसव." मी पहिल्या डब्यातून दिसतं तसं लावून दिलं. चढावर टक टक टक, माथ्यावर क्षणभर सगळं थांबलेलं, मग दरी. तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरलेत आणि म्हणालात, "अस्संच. अगदी हेच होतं." तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले. मी रडत होते ते आनंदाने, पण नुसत्या आनंदाने नाही. कारण ते तसं नव्हतं. ते मी बांधलेलं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही एकोणीस फेऱ्या मारल्यात. मी मोजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या आधी पुन्हा दोन.

मग दरीत गेलो. बाहामोन तुमच्यावर छत्री धरून होता. तुम्ही काठी टेकत खाली उतरलात, कुणाला विचारलं नाहीत, अडखळला नाहीत. "पहिला इथे. दुसरा इथे." बाहामोन नव्या खांबांकडे बघून मान हलवत होता. नवव्याशी तुम्ही थांबलात. म्हणालात, "हा जरा कलता होता. जमीनच तशी होती."

नववा खांब मी कलता ठेवला कारण तसा तो मागच्या वेळूच्या रांगेशी छान जुळत होता. एका रविवारी, एका हातात सूपचा वाडगा धरून, मी तो तिरका केला होता.

तुम्ही अकराव्यावर थांबलात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अपा, तुम्ही सोळा सांगितले होते. फणीच्या दातांसारखे, म्हणाला होतात."

"कोण म्हणतं? मी अकराच म्हणालो. एव्हेलियोचे कान गेलेत."

सगळे हसले. बाहामोनने तुमचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याने तर तुमच्या नावाची पाटीच लावायची ठरवलीय.

तुम्ही मला वाचवण्यासाठी खोटं बोललात असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत. तुम्हाला ते खरोखर तसं दिसतंय. एकवीस फेऱ्यांत माझी दरी तुमच्या दरीवर जाऊन बसली आणि आता या जगात खऱ्या दरीची माहिती असलेला माणूस उरला नाही.

एक करून पाहा. डोळे मिटून बसा, पण डब्यात बसू नका. खाली उभे राहा, हातात ग्रीसची बादली घेऊन. दर सोमवारी दरीत उतरायचात. किती शिड्या लावायचात? बादली किती वेळा खाली ठेवायचात? डोळ्यांना विचारू नका, हातांना विचारा. आणि मग एव्हेलियोला आकडा सांगा.

कोंबडीने अंडं दिलं.

नोरालबा


२ डिसेंबर

अपा,

तुमचं उत्तर मिळालं. "अकरा. वहीतही अकराच होते. तिला सांग, नवी टोपी घेतलीय." आणि बारा अंडी.

आता वहीतसुद्धा. जी वही मी कधी पाहिली नाही, जी तुम्ही स्वतः जाळलीत, तिच्यात माझे अकरा खांब जाऊन बसले.

मी एव्हेलियोला विचारलं, तू नक्की काय ऐकलं होतंस? तो चिडला. "बाई, मी बहिरा नाही. सोळा म्हणाला तो. फणी म्हणाला. वाटेत विसरू नये म्हणून मी प्रत्येक वळणावर घोकत आलो." मी म्हणाले, हे नगरपालिकेच्या कचेरीत सांगशील का? त्याने आधी लाथ मारून जीपच्या टायरची हवा पाहिली. मग म्हणाला, "म्हातारा हल्ली मी यायच्या आधीपासून फाटकाशी उभा असतो. कुत्रं बांधून ठेवतो. मला विचारतो, पत्र आहे का? मी सांगायला गेलो की हे सगळं संपेल, कळतंय ना तुला?"

कळतंय, मी म्हणाले.

"सांगेन," तो म्हणाला आणि हातातली टोपी डोक्यावर घालून निघून गेला.

काल मी एकटी दरीत गेले. इतक्या आठवड्यांच्या पावसाने पाय घोट्यापर्यंत आत जातात. नवव्या खांबाच्या पायाशी पाणी साचलंय आणि काँक्रीटच्या कडेला बोटभर फट पडलीय. फट आधीपासून असेलही. खांब कललेला दिसतोय, पण तो कललेलाच बांधलाय, माझ्या नकाशाप्रमाणे. आता जमिनीने ओढला तरी बघून कळायचं नाही. मी बराच वेळ त्याला हात लावून उभी राहिले, जणू हाताला काही समजणार होतं.

बाहामोनला फट दाखवली. तो म्हणाला, पृष्ठभागाची आहे, आणि तुमच्या वडिलांनी स्वतः पाहून सांगितल्यावर आता मी कुणाच्या सांगण्यावरून काम थांबवू?

पुन्हा एकदा आठवून पाहा, अपा. मी तुमच्या पाया पडते.

नोरालबा


५ डिसेंबर

अपा,

आज एव्हेलियो तुमचा निरोप घेऊन आला. "पोरीला म्हण, किती वेळा तेच विचारशील? सातला सकाळी खाली येतो. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव." शर्ट इस्त्री करून खुंटीवर टांगलाय. तो तसाच राहील.

मी एक निवेदन लिहिलंय. उद्या नगरपालिकेच्या कचेरीत देणार आहे, बाहामोनकडे नाही, परवाना देणाऱ्यांकडे. त्यात लिहिलंय की वहीची गोष्ट मी रचली. दरीतले अकरा खांब मी दिसायला छान म्हणून उभे केले. नववा तिरका का आहे तेही लिहिलंय, सूपच्या वाडग्यासकट. एव्हेलियो सोळाची साक्ष देणार आहे.

आणि एक वाक्य तुमच्याबद्दल आहे. ते मी नऊ वेळा लिहिलं आणि आठ वेळा खोडलं. मऊ शब्द वापरून पाहिले: "वयोमानाने", "कदाचित", "भावनेच्या भरात". बाहामोन हुशार आहे, मऊ शब्दातून तो वाट काढेल आणि गाडी सोडेल. म्हणून शेवटी असं लिहिलं: "माझ्या वडिलांनी दरीत जे सांगितलं ते आठवून सांगितलं नाही, माझ्या खेळात पाहिलेलं सांगितलं. त्यांच्या आठवणीवर विश्वास ठेवू नये."

हे कचेरीत मोठ्याने वाचतील. उद्या दुपारपर्यंत गावभर होईल. डॉन क्रिसान्तोचं डोकं गेलं, पोरीनेच लिहून दिलं, असं म्हणतील. तुमच्या नावाची पाटी निघेल. सोमवारी तुम्ही अंडी विकायला गेलात की लोक बोलायचे थांबतील. हे सगळं मी आधीच पाहिलंय आणि तरी लिहिलंय.

कदाचित मी चुकत असेन. कदाचित अकरा खांब आणखी चाळीस वर्षं उभे राहतील आणि मी गावातली ती वेडी बाई होईन, जिने दोनदा उद्यान बंद पाडलं. चालेल. पण पहिल्या डब्यात तुम्ही बसणार आणि मागे तेवीस पोरं, आणि खाली माझ्या आवडीने उभा केलेला खांब, हे मला पाहवणार नाही.

मला भीती वाटते, अपा. महिनाभर दरीची वाटत होती. आज फाटकाची वाटतेय. तुम्ही कुत्रं पुन्हा सोडाल, पत्राची वाट बघायचं थांबाल, आणि मला परत कधी कुणी विचारणार नाही की जेवलीस का. त्या तीन दिवसांसाठी मी काहीही दिलं असतं. हे एक सोडून.

मागच्या वेळी मी तुम्हाला विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, पुन्हा आठवा म्हणून दोनदा. तुम्ही दोन्ही वेळा अकरावरून हलला नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं तर तुम्ही स्वतः खाली याल, माझ्या समोर बसाल, आणि मग माझ्याने सही होणार नाही. मी स्वतःला ओळखते.

म्हणून हे असं केलंय. कचेरी आठला उघडते. एव्हेलियो आधी माझ्याबरोबर सही करेल, मगच जीप काढेल. हे पत्र घेऊन तुमच्या फाटकाशी पोचायला त्याला बारा वाजतील.

तुमची,
नोरालबा